परंपरावादी कॅथलिक विचार : उपासना, अधिकार आणि राज्यसत्ता

परंपरावादी कॅथलिक विचाराची ओळख बहुधा लॅटिन मिस्सेपासून, म्हणजे मुख्य उपासनाविधीपासून, सुरू होते आणि तिथेच थांबते. लॅटिन हा त्याचा केवळ दर्शनी भाग आहे. ख्रिस्तसभेत अखेरचा शब्द कोणाचा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या परंपरेचा की गादीवर असलेल्या पोपचा, हा त्याच्या गाभ्याचा प्रश्न. राज्यसत्तेने धर्मसत्याला मान्यता द्यावी की नाही, हा प्रश्न त्यालाच जोडून येतो.

ज्या मिस्सेसाठी हा आग्रह धरला जातो, तिचे प्रमाण रूप ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर (१५४५–१५६३) ठरले. पोप पाचवे पायस यांनी १५७० मध्ये मिस्साग्रंथ प्रसिद्ध करून तो लॅटिन ख्रिस्तसभेला लागू केला. दोनशे वर्षांहून जुन्या स्थानिक पद्धतींना मात्र मुभा ठेवली; मिलानची पद्धत त्यामुळेच टिकली. म्हणजे ही मिस्सा त्या वर्षी नव्याने रचलेली नव्हती. तिचा मुख्य भाग त्याआधी कित्येक शतके प्रचारात होता.

या मिस्सेत धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहत नाही. तो आणि लोक एकाच दिशेला, वेदीकडे पाहतात. आरंभी तो वेदीच्या पायऱ्यांखाली स्तोत्र म्हणतो आणि सेवक मुलगा त्याला लॅटिनमध्ये प्रतिसाद देतो. मधली मुख्य प्रार्थना इतक्या हळू आवाजात होते की मागे बसलेल्यांना घंटा तेवढी ऐकू येते. भाकरीचे अभिमंत्रण झाल्यावर धर्मगुरू अंगठा आणि तर्जनी एकमेकांना जुळवून धरतो. ख्रिस्तशरीराचा कण खाली पडू नये म्हणून बोटे धुईपर्यंत ती सुटत नाहीत. मिस्साग्रंथाचे पान उलटतानाही नाही. लोक कठड्यापाशी गुडघे टेकतात आणि ख्रिस्तशरीर जिभेवर घेतात. परंपरावाद्यांच्या मते श्रद्धा प्रवचनापेक्षा अशा कृतींतून अधिक खोल रुजते. कृती सैल झाली की श्रद्धा सैल होते, हे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते सहज झटकून टाकण्यासारखे नाही.

या विचाराची राजकीय बाजू फ्रेंच राज्यक्रांतीतून आली. १७९० च्या कायद्याने धर्मगुरूंना सरकारी नोकर केले, बिशपांची निवड मतदारांकडे दिली आणि पुढे निष्ठेची शपथही मागितली. धर्मगुरूंमध्ये उभी फूट पडली. १७९३ मध्ये व्हांदे प्रांतातील शेतकरी छातीवर पवित्र हृदयाचे चिन्ह लावून उठले. तो उठाव रक्तात बुडवला गेला. ही आठवण फ्रेंच कॅथलिक मनातून कधी गेली नाही. विचारवंत जोझेफ द मेस्त्र यांनी १८१९ च्या ग्रंथात पोपच्या सर्वोच्च अधिकारालाच समाजव्यवस्थेचा आधार ठरवले. १८६४ मध्ये पोप नववे पायस यांनी ऐंशी आधुनिक मतांना चुकीचे ठरवणारी यादी काढली. धर्म आणि राज्य विभक्त असावे हे मत त्यांत होते. १८७० मध्ये पोपच्या अस्खलनशीलतेचा सिद्धांत मान्य झाला, आणि त्याच वर्षी इटलीच्या सैन्याने रोम घेतले. १९२५ मध्ये पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्त राजाचा सण सुरू केला. व्यक्तीप्रमाणे राष्ट्रांनीही ख्रिस्ताचे राज्य मानावे, ही त्यामागची शिकवण.

राज्याश्रयाची किंमत मात्र या परंपरेत पुरेशी मोजली जात नाही. १८०१ च्या करारानंतर फ्रान्सचे बिशप नेपोलियन नेमू लागला. गोव्यात पाद्रोआदो या राजाश्रयाच्या व्यवस्थेमुळे बिशपांच्या नेमणुका पोर्तुगालच्या राजाच्या हाती होत्या, आणि १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, तिथे इन्क्विझिशन (धर्मन्यायालय) चालले. धर्माला राखणारी सत्ता धर्माला वापरूनही घेते, याची नोंद कोकणच्या किनाऱ्यावर आहे.

दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२–१९६५) हा या इतिहासातला निर्णायक टप्पा. उपासनेवरच्या दस्तऐवजाने लॅटिन जपावे असे सांगून लोकभाषांना वाव दिला. त्याच्या बाजूने २१४७ आणि विरुद्ध अवघी ४ मते पडली. पुढच्या सुधारणा या शब्दांच्या बऱ्याच पलीकडे गेल्या. परंपरावाद्यांची ही तक्रार खरी आहे. सहाव्या पॉल यांची नवी मिस्सा १९६९ च्या आगमनकाळापासून लागू झाली. लोकभाषेने दिलेले देणे मात्र मोठे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ने १६१६ मध्येच ख्रिस्तकथा मराठी ओवीत आणली होती, पण वसईच्या भाविकाला मिस्सा स्वतःच्या भाषेत ऐकायला त्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षे थांबावे लागले.

जुन्या मिस्सेची हळहळ केवळ सनातन्यांना वाटली असेही नाही. १९७१ मध्ये इंग्लंडमधील लेखक-कलावंतांनी ती टिकावी म्हणून पोपकडे अर्ज केला. त्यावर अगाथा ख्रिस्ती यांची सही होती, आणि त्या कॅथलिक नव्हत्या. इंग्लंड आणि वेल्सपुरती परवानगी मिळाली.

आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी मात्र थेट विरोधाची वाट धरली. आफ्रिकेत मिशनरी म्हणून आयुष्य वेचलेल्या आणि डाकारचे आर्चबिशप राहिलेल्या लफेव्र यांनी १९७० मध्ये संत दहावे पायस संघ स्थापन केला आणि स्वित्झर्लंडमधील एकोन येथे जुन्या पद्धतीचे सेमिनरी चालवले. त्यांचा आक्षेप मिस्सेइतकाच परिषदेच्या १९६५ च्या धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रावर होता. १८६४ ची शिकवण त्याने पुसली, असे ते म्हणत. १९७६ मध्ये त्यांना धर्मगुरूपदाच्या कामांपासून निलंबित करण्यात आले. ३० जून १९८८ रोजी त्यांनी पोपच्या संमतीविना चार बिशपांना दीक्षा दिली आणि ते व हे चौघेही बहिष्कृत ठरले. पोपचा अधिकार ज्या विचारधारेने सर्वांत उंच नेला, तिच्याच वारसांना पोपची आज्ञा मोडावी लागली. परंपरेचा अर्थ सांगायचा अधिकार पोपकडून काढला की तो कोणाकडे जातो, याचे समाधानकारक उत्तर संघाला देता आलेले नाही.

त्यानंतर रोमचे धोरण दोन्ही दिशांना हलले. सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये जुन्या मिस्सेला मोकळीक दिली आणि २००९ मध्ये त्या चार बिशपांवरील बहिष्कार उठवला. फ्रान्सिस यांनी संघाच्या धर्मगुरूंना पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार दिला. पण १६ जुलै २०२१ च्या आदेशाने जुन्या मिस्सेवर पुन्हा कडक बंधने आणली. एकीच्या नावाने काढलेला हा आदेश आज्ञेत राहिलेल्या निष्ठावंतांनाच अधिक जाचक ठरला. तरीही दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सुमारास पॅरिसहून शार्त्रपर्यंत तीन दिवस पायी जाणाऱ्या यात्रेत हजारो लोक असतात. जुनी मिस्सा कधी रोजच्या परिपाठात न पाहिलेले तरुण त्यांत मोठ्या संख्येने दिसतात. मिस्सेची परवानगी देऊन किंवा काढून हा वाद मिटणार नाही; १८६४ आणि १९६५ च्या शिकवणींचा मेळ कसा बसतो, हे रोमला स्पष्ट शब्दांत मांडावे लागेल.