जाम नदीचे दोन तीर

पोळ्याची अमावास्या सरली, की दुसऱ्या दिवसाला विदर्भात ‘कर’ म्हणतात. या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. बडग्यांच्या अंगावर महागाई, लाचलुचपत, रोगराई असे जे जे लोकांच्या मनात सलत असेल ते लिहिले जाते, आणि मारबतीबरोबर ते सारे गावाबाहेर नेऊन जाळले जाते. गल्लीबोळांत मुले लाकडी बैल सजवून तान्हा पोळा साजरा करतात व दारोदार बोजारा मागतात. याच दिवशी, नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नरखेडच्या पुढे लागणाऱ्या पांढुर्णा गावी, जाम नदीच्या दोन तीरांवर माणसे समोरासमोर उभी राहतात आणि एकमेकांना दगड मारतात. हीच ती गोटमार.

श्रोतेहो, गोटमारीची बातमी वर्षातून एकदा वर्तमानपत्रांत येते. किती जखमी झाले, बंदोबस्त केवढा होता, एवढे त्यात असते. उरलेल्या वर्षभर हे गाव कसे जगते, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. ते जाणून घेतल्यावाचून गोटमारीचा निवाडा करणे बरोबर होणार नाही.

पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. काळी जमीन, कापूस, तूर आणि संत्र्यांच्या बागा. वरूड, नरखेड, काटोल या महाराष्ट्रातील संत्र्याच्या पट्ट्याचाच हा पुढचा भाग. बागेतून चालणाऱ्या माणसाला राज्याची सीमा कोठे संपली हे कळतही नाही. झाड तेच, माती तीच आणि बागवानाची बोलीही तीच. सौंसरजवळ जामसावळी येथे पहुडलेल्या मारुतीची मूर्ती आहे. तिच्या दर्शनाला विदर्भातून माणसांची रीघ लागते. घरात मराठी, पवारांच्या वस्तीत पवारी, गोंडांच्या वाड्यांत गोंडी आणि कचेरीत हिंदी, अशा चार बोली येथील माणूस सहज वापरतो. शेजाऱ्याशी एका भाषेत भांडावे आणि त्याच भांडणाचा अर्ज दुसऱ्या भाषेत लिहावा, यात त्याला काही विशेष वाटत नाही.

हे असे का झाले, त्यामागे इतिहास आहे. जुन्या मध्यप्रांताची आणि १९५० नंतर मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. सौंसरच्या माणसाला कोर्ट, कॉलेज, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सर्व काही नागपुरातच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. छिंदवाडा जिल्हा मात्र मध्यप्रदेशातच राहिला, आणि त्याच्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूखही. राजधानी सातपुड्यापलीकडे भोपाळला गेली. बाजार आणि सोयरीक नागपूरकडेच राहिली. सौंसरहून नागपूरला जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी २०१५ पर्यंत ही ये-जा सांभाळीत होती.

पुढे २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात पांढुर्णा व सौंसर या तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या काढून पांढुर्णा जिल्हा निर्माण झाला. आपल्या गावी कलेक्टर बसावा, ही इच्छा पुरी झाली. पण जिल्हा मिळणे निराळे आणि आपल्या गावाचे बरेवाईट स्वतः ठरविण्याची सवय लागणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीची कसोटी दरवर्षी करीच्या दिवशी जाम नदीच्या पात्रात लागते.

नदीच्या एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव. पहाटे पळसाचे झाड आणून नदीच्या मधोमध रोवतात आणि त्याला झेंडा बांधतात. त्याची पूजा होते, आणि मग दोन्हीकडून गोट्यांचा मारा सुरू होतो. पांढुर्ण्याच्या बाजूने कोणी तो मारा अंगावर घेत पुढे जाऊन झाड तोडायचे आणि झेंडा चंडीमातेच्या देवळात न्यायचा, असा हा डाव. दंतकथा अशी, की पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावच्या मुलीला पळवून नेले. नदी ओलांडताना दोन्ही गावांनी दगड मारले आणि ती दोघे प्रवाहातच गतप्राण झाली. लोकांना पश्चात्ताप झाला, त्यांनी दोघांचे देह चंडीमातेच्या देवळात नेले, आणि त्या स्मृतीसाठी हा खेळ सुरू झाला.

या कथेत खरे किती, हा वाद बाजूला ठेवू. पण कथा काय सांगते? दगड मारणाऱ्यांना पश्चात्ताप झाला, असे सांगते. ज्या गोष्टीचा पूर्वजांना पश्चात्ताप झाला, तीच गोष्ट दरवर्षी करून त्यांची स्मृती राखायची, हा कसला न्याय? गोटमारीत दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. कोणाचे डोके फुटते, कोणाचा डोळा जातो, आणि आजवर अनेकांचे प्राणही गेले आहेत. संध्याकाळी दोन्ही तीर समजुतीने झेंडा देवळात नेतात. दुसऱ्या दिवशी दुकाने उघडतात आणि कालचे प्रतिस्पर्धी एकाच टपरीवर चहा घेतात. ही दिलदारी खरी आहे. परंतु ज्या घरातला माणूस परत आला नाही, त्या घराला या दिलदारीचा काय उपयोग?

शासनाने उपाय केले नाहीत असे नाही. बंदीहुकूम निघाले, गोफणींना मनाई झाली, एकदा दगडांऐवजी रबरी चेंडूही पुरविण्यात आले. लोकांनी चेंडू फेकून दिले आणि दगड उचलले. यावरून पांढुर्ण्याची माणसे अडाणी आहेत, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण ज्यांचे राज्य, राजधानी आणि कचेरीची भाषा कोणीतरी दुसऱ्याने ठरविली, त्यांनी आपला एक दिवस हट्टाने आपल्या हाती ठेवावा, यात नवल काय? वरून आलेला चेंडू त्यांना खेळ वाटला नाही, हुकूम वाटला.

मग वाट कोणती? सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावे आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या बाया ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. हाच बोरीचा बार. ओढा आहे, दोन पक्ष आहेत, ईर्ष्या आहे. रक्त मात्र सांडत नाही. स्पेनमधील बुन्योल गावी ऑगस्टच्या अखेरच्या बुधवारी लोक एकमेकांना टोमॅटो मारतात. १९४५ साली सुरू झालेल्या या प्रकारावर पुढे बंदी आली, तेव्हा १९५७ साली गावकऱ्यांनी टोमॅटोची प्रेतयात्राच काढली. बंदी उठली, परंतु खेळाला नियमही आले: टोमॅटो हातात चिरडून मगच फेकायचा, आणि ठरलेला इशारा झाला की हात थांबवायचा. तेथे गाव आणि सरकार दोघांनीही एकेक पाऊल मागे घेतले.

पांढुर्ण्याजवळ यापेक्षा मोठे भांडवल आहे. सावरगावची लेक पांढुर्ण्यात नांदते आणि पांढुर्ण्याची सावरगावात. ज्या नवऱ्याच्या हातात करीच्या दिवशी दगड असतो, त्याच्या समोरच्या तीरावर त्याचा मेहुणा उभा असतो. त्या स्त्रीला आजवर कोणी विचारलेले नाही, की बाई, तुला कोणता तीर जिंकायला हवा? कलेक्टरांच्या बैठकीत पंच बसतात, पुढारी बसतात. ज्यांना संध्याकाळी जखमा धुवाव्या लागतात त्या मात्र दारातच उभ्या राहतात.

पळसाचे झाड रोवले जावो, झेंडा चढो, चंडीमातेची पूजा होवो. नदीत उतरून ईर्ष्येने झाड गाठण्याचा डावही राहो. फक्त हातातला गोटा कसा सुटेल, हे दोन्ही तीरांनी एकत्र बसून ठरवावे. आणि त्या बैठकीत पहिला शब्द सासर एका तीरावर आणि माहेर दुसऱ्या तीरावर असलेल्या लेकींचा असावा. त्या दिवशी पांढुर्ण्याला जिल्हा मिळाल्याचे खरे सार्थक होईल.