वाईट बातमी आणि विनोदी पुस्तक



व्याख्यानमालेत जाणत्या मंडळींनी अर्थकारणावर, शेतीवर, परराष्ट्रधोरणावर बोलावे आणि श्रोत्यांनी थोडे गंभीर होऊन घरी जावे, ही आपली जुनी रीत. माझ्या वाट्याला हलकीफुलकी पुस्तके आली आहेत. मी संयोजकांना म्हटले, "लोक विचारतील, जगात काय चालले आहे आणि हे गृहस्थ काय सांगताहेत!" ते म्हणाले, "मग त्याचेच उत्तर द्या." तेव्हा आज एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. भोवतालच्या बातम्या मन खचवीत असताना माणसाने हसविणारे पुस्तक हाती घ्यावे, यात काही गैर आहे काय?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, घरात भेटला. २०२१ च्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. करोनाची दुसरी लाट जोरात होती. माझे वडील तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचे. सकाळी वर्तमानपत्र, दिवसभर टीव्ही, रात्री पुन्हा टीव्ही. मृतांचा त्या दिवशीचा आकडा ते भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेवीत. मी एकदा म्हटले, "बाबा, हे कशाला लिहिता?" ते म्हणाले, "कुणीतरी नोंद ठेवायला नको का?" आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस; दुसरे काही हाती नव्हते, म्हणून नोंद ठेवीत होता. जेवण कमी झाले, झोप उडाली.

एका रात्री वीज गेली आणि टीव्ही आपोआप बंद पडला. मी बॅटरीच्या उजेडात कपाटातून 'चिमणरावाचे चऱ्हाट' काढले आणि मोठ्याने वाचू लागलो. थोड्याच वेळात वडील माझ्या पुढे जाऊन पुढचे वाक्य सांगू लागले. चुकले तर स्वतःच हसत. दिवे आले तरी टीव्ही लावायचे कुणाच्या ध्यानात राहिले नाही. तेव्हापासून रोज रात्री एक प्रकरण, असा आमचा नेम झाला.

मग एके दुपारी फोन आला. धाकटे काका नागपूरला गेले. जाणे शक्य नव्हते. त्या रात्री कुणी पुस्तकाचे नाव काढले नाही. पाचव्या दिवशी वडीलच म्हणाले, "अरे, पुस्तक आण." मी घोटाळलो. घरात सुतक आणि आपण विनोद वाचायचा? माझ्या मनातले त्यांनी ओळखले असावे. म्हणाले, "तो आणि मी एकाच पुस्तकावर दोन्हीकडून डोकी घालून हे वाचीत होतो. वाच तू." मी वाचले. गुंड्याभाऊच्या एका प्रसंगाला ते मोकळेपणाने हसले आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. पाच दिवसांत ते तोवर रडले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपण होऊन फोन मागितला आणि काकूशी अर्धा तास बोलले. तो फोन त्यांना तोवर जमला नव्हता. कॅलेंडरातले चौकोन पुढे कोरे राहिले.

श्रोतेहो, मला या विषयावर जे सांगायचे आहे ते सारे या प्रसंगात आहे. वाईट बातमी आपल्याला दुःख देते, पण त्या दुःखाला धरायला मूठ देत नाही. हजारो मैलांवरचे युद्ध, कुठला पूर, कुठला अपघात. आपण हळहळतो आणि हातावर हात ठेवून बसतो. पूर्वी बातमी दिवसातून एकदा दारात येई. आज ती खिशात बसलेली असते आणि घटकेघटकेला हाक मारते. अशा वेळी आकड्यांच्या गर्दीत माणूस दिसेनासा होतो. विनोदी पुस्तक तो माणूस परत आणून देते. चिमणराव हा काही मोठा पुरुष नव्हे. भित्रा, भोळा, संसाराने गांजलेला. पण तो चुकतो, फजीत होतो आणि पुन्हा उठून आपल्या काऊकडे, आपल्या मोरू-मैनाकडे येतो. असे माणूस म्हणून जगता येते, याची आठवण आपल्याला राहत नाही. ती हे पुस्तक करून देते.

हे पळपुटेपण आहे, असे कुणी म्हणेल. त्यांनी मराठी विनोदाचा जन्मकाळ पाहावा. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, पुढच्या वर्षी पुण्यात. १८९९-१९०० चा दुष्काळ 'छपन्नचा दुष्काळ' म्हणून लोकांच्या तोंडी राहिला. या साऱ्याच्या पाठोपाठ, १९०२ साली, वऱ्हाडात वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर 'विविधज्ञानविस्तारा'त विनोदी लेख लिहू लागले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्रयी तेव्हाची. सुबत्तेच्या, निवांत दिवसांत हा विनोद जन्मला नाही. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी 'बाळकराम' या नावाने महाराष्ट्राला हसवीत गेले आणि जानेवारी १९१९ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, क्षयाने वारले. आणि चिमणरावाचे जनक चिं. वि. जोशी? ते बडोद्याच्या कॉलेजात पाली भाषेचे प्राध्यापक होते. 'दुःख आहे' हे ज्या धर्माचे पहिले आर्यसत्य, त्याचे ग्रंथ शिकविण्यात त्यांचा दिवस जाई. दुःख आहे हे त्यांना तुमच्याआमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. ते ठाऊक असूनच त्यांनी चिमणराव लिहिला.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पी. जी. वुडहाऊस हा विनोदाचा मोठा इंग्रज कारागीर. १९४० साली तो फ्रान्समध्ये राहत असता जर्मनांच्या हाती सापडला आणि जवळजवळ वर्षभर स्थानबद्ध राहिला. त्या छावणीतही त्याने एक विनोदी कादंबरी लिहून पुरी केली. याचे कौतुकच केले पाहिजे. पण सुटका होताच १९४१ साली त्याने बर्लिनच्या रेडिओवरून आपल्या बंदिवासावर पाच खेळकर भाषणे केली. त्यात नाझींचा प्रचार नव्हता. थट्टा होती, तीही बरीचशी स्वतःचीच. परंतु लंडनने नुकतेच महिनोन्‌महिने बॉम्बहल्ले सोसले होते. शत्रूच्या ध्वनिक्षेपकावरून आलेली ती थट्टा लोकांच्या जिव्हारी लागली. युद्धानंतर तो इंग्लंडात राहायला परत गेलाच नाही. विनोद तोच, विनोदकारही तोच. पण छावणीत जो आधार होता, तोच बर्लिनच्या रेडिओवर जखमेवरचे मीठ झाला.

म्हणून माझ्यापुरती मी एक कसोटी ठरविली आहे. पुस्तक मिटल्यावर मी माणसांकडे वळतो की माणसांपासून दूर जातो? दुसऱ्याचे दुःख ऐकू येऊ नये म्हणून मी पुस्तकाची पाने कानांवर धरीत असेन, तर ते पुस्तक कितीही उत्तम असो, माझे वाचन खोटे. पण चार पाने हसून झाल्यावर राहिलेला फोन करण्याचे, शेजाऱ्याच्या दारावर थाप मारण्याचे, सकाळी पुन्हा वर्तमानपत्र उघडण्याचे बळ येत असेल, तर त्या हसण्याची लाज धरण्याचे काहीच कारण नाही.

वडील गेल्याला आता दोन वर्षे झाली. ते 'चऱ्हाट' माझ्याकडे आहे. त्यातल्या एका प्रकरणाच्या समासात पेन्सिलीची बारीक खूण आहे. ती त्यांची की काकांची, हे आता सांगायला कुणी उरले नाही. तेथे आलो की मी घटकाभर थांबतो आणि पुढे वाचू लागतो. नातवंडे हसतात.

आपण घरी जाल तेव्हा रात्रीच्या बातम्या आपली वाट पाहत असतीलच. त्या जरूर ऐका. नागरिकाचे ते कर्तव्य आहे. पण त्यानंतर दहा मिनिटे, घरातल्या कुणाला तरी जवळ बसवून, एखादे हसविणारे पुस्तक मोठ्याने वाचा. एकट्याने नव्हे, मोठ्याने. एवढेच माझे मागणे आहे.