वाशिष्ठीकाठी आपले मनःपूर्वक स्वागत



सागर-संशोधनातल्या स्वयंसेवकांचे संमेलन चिपळुणात कसे, असे काहींनी विचारले. आमच्या गावाला किनारा नाही, हे खरे. पण वाशिष्ठी नदीतून भरतीचे पाणी गावालगतच्या गोवळकोटपर्यंत येते आणि एकेकाळी गलबतेही येत.

मात्र गावाचे वैभव दाखवायचे तर मी तुम्हांला आधी लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात नेईन. 1864 साली, टिळक स्वतः शाळकरी वयाचे असताना, हे वाचनालय सुरू झाले. 2005च्या महापुरात आणि पुन्हा 22 जुलै 2021ला पाणी आत शिरले, ग्रंथांचा लगदा झाला. दोन्ही वेळा लोकांनी चिखल उपसला, देणग्या जमवल्या, पुस्तके पाठवली. 2013चे 86वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही याच गावात भरले. पाहुण्यांनी वेळ काढून वाचनालय पाहावेच, ही माझी आग्रहाची विनंती.

याच गावातल्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला घेतली. तोवर अंडी उकरून नेली जात. आता गावकरीच किनारा फिरतात, नोंदी ठेवतात. जानेवारी 2025मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या अंगावर 03233 क्रमांकाचा बिल्ला दिसला. तो 2021 साली ओडिशात लावलेला! बंगालच्या उपसागरातली मादी कोकणात अंडी घालते, हे कळले ते त्या वेळी वाळूत कोणीतरी हजर होते म्हणून.

ही माणसे फुकट राबतात म्हणून विज्ञान फुकटात होते, असे सरकारदरबारी कोणी समजू नये. बॅटरीचे सेल, पेट्रोल, जाळ्या यांना पैसे लागतात. उपग्रह टॅगला तर लाखांत. देशाचा संशोधनावरचा खर्च 2020-21मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के होता. हे लाजिरवाणे आहे.

व्यवस्थेत उणिवा आहेत. निवास तीन ठिकाणी विखुरला आहे, उकाडा फार, वीजही जाते. त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. सभागृह विनामूल्य देणारे विश्वस्त, तांदूळ-नारळ पाठवणारे बागायतदार, बाजारपेठेतले व्यापारी, ने-आण करणारे रिक्षावाले, आणि पहाटेपासून चुलीपुढे उभ्या असलेल्या आमच्या भगिनी, या सर्वांचे ऋण मोठे आहे.

दाराशी एक पेटी ठेवली आहे. तिच्यात जमेल ती रक्कम येत्या हंगामात किनारे राखणाऱ्या गावांकडे जाईल. जाताना तिच्यात यथाशक्ती भर घाला.