लाडवांचा डबा आणि आईची रुखरुख

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, पुणे येथे, भगिनींच्या सभेत केलेले भाषण)



'घरचा गोड खाऊ आणि मुलांचे आरोग्य' हा विषय कार्यकारिणीने आम्हांस नेमून दिला, तेव्हा पाककृतींवर बोलावे की मनाच्या एका दुखण्याविषयी बोलावे, असा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. पाककृती आपणांस आमच्याहून अधिक येतात. म्हणून दुखण्याविषयीच बोलण्याचे ठरविले. ते दुखणे म्हणजे आईच्या मनाची रुखरुख. मुलाला बाजारची मिठाई दिली तर रुखरुख. घरी लाडू वळले तर साखर फार पडली म्हणून रुखरुख. गोड मुळीच दिले नाही तर शेजारची मुले खातात आणि आपले त्यांच्या तोंडाकडे पाहते म्हणून रुखरुख. आणि रात्री सर्वांची निजानीज झाल्यावर डब्यातला एक लाडू आपण स्वतः खाल्ला, तर चोरी केल्यासारखी टोचणी लागते, ती निराळीच.

आपल्या आज्यांना ही टोचणी फारशी ठाऊक नव्हती. त्यांच्या घरी गोड येई ते तिथीने येई. संक्रांतीस तिळगूळ, होळीस पुरणपोळी, गणेशचतुर्थीस मोदक, दिवाळीस लाडू-करंज्या. मधल्या दिवसांत फार तर पोळीशी गुळाचा खडा. साखर रेशनच्या दुकानात तोलून मिळे. मुलाला 'नाही' म्हणण्याचे काम आईला करावे लागत नसे. ते पंचांग आणि रेशनकार्ड परस्पर करीत. त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. टंचाई हा काही सद्गुण नव्हे. पुढे दिवस पालटले. प्रवरेच्या परिसरात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी, धनंजयराव गाडगीळांच्या साह्याने, 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा केला आणि पाहता पाहता महाराष्ट्र साखरेचा प्रांत झाला. त्याच साली चितळे बंधूंनी पुण्यात मिठाईचे दुकान मांडले. आता गोडाला तिथी लागत नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद, हा पुणेरी विनोददेखील जुना झाला. पंचांगाचे ते काम एकट्या आईवर येऊन पडले, आणि ते तिच्यावर सोपविले आहे हे कोणी तिला सांगितलेही नाही.

या टोचणीवर सांप्रत एक उपाय फार लोकप्रिय आहे. साखर काढावी, गूळ घालावा. गूळ काढावा, खजूर घालावा. आणि लाडू 'पौष्टिक' म्हणून मुलांपुढे ठेवावा. म्हणजे मनही शांत, जिभही तृप्त. या उपायाची थोडी झडती घेणे आम्हांस अवश्य वाटते.

पाव किलो बेसनात पाव किलो पिठीसाखर घालून वीस लाडू वळले, तर एका लाडवात साडेबारा ग्रॅम साखर येते, म्हणजे चहाचे अडीच चमचे. साखरेच्या जागी तितकाच गूळ घातला तर काय होते? गुळाच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 65 ते 85 ग्रॅम साखरच असते. उरलेल्यात पाणी आणि थोडे क्षार. चव खमंग येते हे खरे. पण रक्तात गेल्यावर गुळाचा सात्त्विकपणा कोणी विचारीत नाही. मधाचेही तेच. शिवाय वर्षाच्या आतील बाळास मध चाटवू नये, असे आजचे वैद्यक स्पष्ट बजावते. बारशाला आलेल्या थोरामोठ्यांनी हे मनावर घ्यावे. खजुराची गोष्ट किंचित वेगळी. त्यात चोथा असतो, आणि अख्ख्या फळातील शर्करा जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेत धरीत नाही. तरीही खजुराच्या वजनात निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग शर्करेचाच असतो. खजुराचा म्हणून चार लाडू खाणे हे काही पथ्य नव्हे.

याच संघटनेने 2015 साली सांगितले की, दिवसभरातील उष्मांकांपैकी एकदशांशाहून अधिक वाटा वरच्या साखरेचा नसावा. त्याच्याही निम्मा ठेवता आला तर उत्तम. दिवसाला 1400 उष्मांक खाणाऱ्या मुलाच्या बाबतीत एकदशांश म्हणजे 35 ग्रॅम, सुमारे सात चमचे. दुधातील पूड, बिस्किटे, जॅम आणि बाटलीतले सरबत यांतच ते सातही चमचे केव्हा संपतात ते कळत नाही. मग बिचाऱ्या लाडवावर खापर फुटते. आमचे म्हणणे असे की, झडती घ्यायची तर आधी या न दिसणाऱ्या साखरेची घ्यावी. लाडू निदान आपण लाडू आहोत हे लपवीत तरी नाही.

घरच्या गोडाचा खरा फायदा तो निष्पाप असतो हा नसून त्याचे माप आपल्या हाती असते, हा आहे. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने 1970 साली वाटी-चमच्याचे माप घरोघर नेले. ते माप आता साखर उतरविण्याच्या कामी लावावे. पाव वाटी कमी घातली तर पहिल्या खेपेस घरचे कुरकुरतात, तिसऱ्या खेपेस विसरतात. लाडू लिंबाएवढ्याऐवजी सुपारीहून थोडा मोठा वळावा. तीळ, दाणे, नाचणी, डाळ ही मुळातच अन्ने आहेत. त्यांना बांधण्यापुरताच गूळ घ्यावा. आणि जिला हे करावयास सवड नाही, तिने दुकानातून आणावे, जेवणानंतर एकेक तुकडा सर्वांनी वाटून खावा, आणि त्याबद्दल कोणापुढे कैफियत देत बसू नये. कचेरीतून सात वाजता घरी येणाऱ्या बाईला 'घरी केले नाहीस का?' असे विचारणाऱ्या बंधूंनी डाळ भाजावयास बसावे. कढईला स्त्री-पुरुष भेद कळत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगितले, ती. भारतात मधुमेही 10 कोटींहून अधिक आहेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून 2023 साली प्रसिद्ध झाले. घराघरांत ही धास्ती आहे, आणि मुलाच्या हातातील प्रत्येक लाडवात आई तोच रोग पाहते. परंतु याचे मूळ शोधण्याचे एक थोर काम आपल्याच पुण्यात झाले आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालविला. तेथील बाळे सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, तर इंग्लंडातील साउदम्प्टनची साडेतीन किलोंची. पण नवल असे की, आपली बाळे दिसावयास किडकिडीत असूनही त्यांच्या अंगी मांस कमी आणि चरबी त्या मानाने टिकून होती. मधुमेहाची वाट जन्मापूर्वीपासूनच आखली जाऊ लागते, हा विचार त्यातून बळावला. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आदींनी याच मातांच्या आहाराविषयी 2001 साली जे प्रसिद्ध केले, ते तर प्रत्येक सासूने वाचण्याजोगे आहे. ज्या गरोदर स्त्रियांच्या ताटात पालेभाजी, फळे आणि दूध अधिक वेळा येई, त्यांची बाळे अधिक भरलेली निपजली.

हे ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे पुन्हा दोष आईचाच! नाही. ते ताट तिने एकटीने वाढून घेतलेले नव्हते. ती मुलगी असताना दूध भावाच्या पेल्यात गेले, सून असताना भाजी सर्वांत शेवटी तिच्या वाट्याला आली, आणि फळ आजाऱ्यासाठी राखले गेले. त्या ताटाचा हिशेब साऱ्या घराने द्यावयाचा आहे. डब्यातील एका लाडवावरून झुरणाऱ्या बाईच्या पानात आज दुपारी भाजी होती की नाही, हे विचारणारे किती जण निघतात?

आपल्या परंपरेत खास आईसाठी म्हणून केले जाणारे गोड अगदी थोडे आहे: डिंकाचे लाडू आणि हळिवाचे लाडू. बाळंतिणीपुढे ते आग्रहाने ठेवले जात, आणि तिने ते खाल्ले म्हणून कोणी नाक मुरडीत नसे. हळिवात लोह पुष्कळ असते. गरोदरपणी मात्र ते देत नाहीत. बाळंतपण संपले की ही वागणूकही का संपावी, हे आम्हांस कधी उमगले नाही.

ज्यांना कृती हवी त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वाटीचा चौथा हिस्सा हळीव नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवावे. ते फुगून दाट होतात. त्यात दोन वाट्या खवलेला ओला नारळ आणि वाटीभर चिरलेला गूळ घालून मंद आचेवर, गोळा होईतो ढवळावे. वरून जायफळ. लहान लाडू वळावेत. ओल्या नारळामुळे हे लाडू फार टिकत नाहीत, म्हणून थोडेच करावेत आणि चार दिवसांत संपवावेत. करणारीने आपला वाटा दिवसाउजेडी, सर्वांबरोबर बसून घ्यावा.