शून्य नेमकं कुठे मोजायचं?

2021 साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने 2070 पर्यंत नेट झिरो होण्याचा शब्द दिला. इमारतींच्या बाबतीत याचा रूढ अर्थ असा की, वर्षभरात जेवढी वीज खाल्ली तेवढी स्वच्छ वीज तयार करून भरपाई करायची. परवडणाऱ्या नव्या घरांना हेच माप जसंच्या तसं लावलं, तर ते आपल्याला फसवेल, हे मला आज सांगायचं आहे.

30 चौरस मीटरचं घर डोळ्यांसमोर आणा. एक-दोन पंखे, दिवे, टीव्ही, असला तर फ्रिज. मीटर मुळातच सावकाश फिरतो. असं घर कागदावर शून्याच्या जवळ पोचतं ते आतली माणसं उकाडा सोसतात म्हणून. उद्या त्यांनी हप्त्यावर एसी घेतला, आणि का घेऊ नये, की सगळा हिशेब कोसळला. म्हणून या घरांत आधी खोलीचं तापमान मोजलं पाहिजे, मीटर मागाहून.

गच्चीवर सोलर बसवू, असं लगेच सांगितलं जातं. आकडे मांडून बघू. 20 मजले, मजल्यावर 8 घरं, म्हणजे 160 कुटुंबं. गच्ची 400 चौरस मीटरची धरा. टाक्या, जिना, लिफ्टची खोली वजा जाता निम्मी उरते. एका किलोवॉटला साधारण 10 चौरस मीटर जागा लागते आणि त्यातून दिवसाला 4 युनिटं मिळतात. म्हणजे 20 किलोवॉट, 80 युनिटं. घरामागे अर्धं युनिट! लिफ्ट आणि पाण्याचा पंपच त्याचा फडशा पाडतील. सोलर जरूर बसवा, पण खरं काम त्याआधी भिंतीत आणि खिडकीत झालेलं असलं पाहिजे.

अशा अनेक टॉवरांत हल्ली मिवान पद्धतीने, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत, भिंतीही काँक्रीटच्याच ओततात. काम झपाट्याने उरकतं, चावी लवकर हातात पडते, हे मान्यच. पण काँक्रीटच्या त्या पातळ भिंतीतून एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, 200 मिलिमीटरच्या भिंतीपेक्षा चौपट तरी उष्णता आत येते. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि माणसं दमून आडवी होतात तेव्हा तीच उष्णता खोलीत सोडू लागते.

खिडकीचंही तसंच. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्राची इको निवास संहिता 2018 साली आली. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत उघडू शकणारा भाग चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावा, असं ती सांगते. आपल्या 30 चौरस मीटरच्या घराला हे 5 चौरस मीटर होतात. आता दोन झडपांची सरकती खिडकी घ्या: चौकट कितीही मोठी असो, उघडते निम्मीच. बिजागरीची खिडकी जवळजवळ सगळी उघडते. आणि मुंबईतल्या गोवंडीच्या काही पुनर्वसन वसाहतींसारख्या इमारती तीन-तीन मीटरवर उभ्या असतील, तर उघडलेल्या खिडकीतून येणार तरी काय? तिथल्या अंधाराचा आणि कोंडलेल्या हवेचा क्षयरोगाशी असलेला संबंध अभ्यासकांनी मांडलेला आहे.

हे सगळं आपल्याकडे जमत नाही, असं कुणी म्हटलं तर राजकोटकडे बोट दाखवा. पंतप्रधान आवास योजनेतल्या 'स्मार्ट घर 3' या 1,176 घरांच्या प्रकल्पात भारत-स्विस सहकार्यातून आराखडाच बदलला गेला. भिंती एएसी ब्लॉकच्या, खिडक्या बिजागरीच्या आणि काच कमी केलेल्या. बाथरूमच्या पाइपांसाठी जी शाफ्ट लागतेच, तिचाच उपयोग घरातली हवा वर खेचून घेण्यासाठी केला. ऐन उन्हाळ्यातलं खोलीचं तापमान यामुळे पाच अंशांहून अधिक उतरेल, असा रचनाकारांचा हिशेब होता. त्यात कुठलंही परदेशी यंत्र नाही.

मग अडतं कुठे? संहिता कागदावर चांगली आहे, पण राज्याने ती अंगीकारून बांधकाम नियमात घातल्याशिवाय बिल्डरला बांधत नाही. आणि पैसा? 2015 च्या आवास योजनेत भागीदारीतल्या परवडणाऱ्या घरांना केंद्राकडून घरामागे दीड लाख मिळत. ही मदत बांधकामाच्या प्रगतीनुसार हप्त्यांनी मिळत असे. आत किती तापतं, हे कुणी विचारत नाही. माझी मागणी साधी आहे. सरकारी पैसा लागलेल्या प्रत्येक इमारतीच्या निविदेत एक अट घाला: मे महिन्यात, सर्वांत वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेकडच्या खोलीत, फक्त पंख्यावर, रात्री दहा वाजता तापमान मोजायचं. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा ते जास्त भरलं, तर शेवटचं बिल अडवायचं.