‘मादी नको’ म्हणण्याआधी

गणपती पोचवून झाले, मुंबईकर परत गेले, भातं पोटरीला आली. आता जरा निवांत बसून बोलूया.

सध्या रात्री वाडीत कुत्र्यांची भुंकाभुंकी ऐकताय ना? भादवा हा त्यांच्या माजाचा महिना. कुत्रीचे दिवस साधारण ६३. म्हणजे हिशेब करा, दिवाळी ते देवदिवाळीच्या सुमारास कुणाच्या पडवीत, कुणाच्या गवताच्या उडवीआड पिल्लं दिसायला लागतील. पिल्लं दिसली की पोरं हट्ट धरणार, “आई, एक आणूया ना!” घरातले पुरुष म्हणणार, राखणीला बरा. आणि बघता बघता पिल्लू घरात येणार. म्हणून हा विषय आजच घेतलाय, पिल्लं यायच्या आधी.

आपण गटात कर्ज देताना काय करतो? आधी बैठक घेतो. कशाला हवं, कोण फेडणार, किती दिवसांत, हे विचारतो. कुत्रा आणताना मात्र कोणी कोणाला विचारत नाही. तो हौसेने आणतो एक जण आणि सांभाळते घरातली बाई. सकाळी त्याची घाण तीच काढते, भात तीच कालवते, आजारी पडला तर रात्री तीच उठते. गावठी कुत्रा नीट सांभाळला तर बारा-तेरा वर्षं सहज जगतो. आज दुसरीत असलेली मुलगी कॉलेज संपवेपर्यंत तो तुमच्या दारात असणार आहे. तेव्हा घरातल्या सगळ्यांना समोर बसवा आणि चार प्रश्न विचारा. रोज दोन वेळा खायला कोण घालणार? इंजेक्शनचा खर्च कोणाच्या खिशातून? रात्री तो झोपणार कुठे? आणि लग्नाला, मुंबईला, देवाला सगळे बाहेर गेलो तर त्याच्याकडे कोण बघणार? चारही प्रश्नांना “आई बघेल” असं उत्तर आलं, तर पिल्लू आणू नका. निदान दोन कामांवर दुसऱ्या कोणाचं तरी नाव पडू दे. मुलांना पाणी भरणं, भांडं धुणं, फिरवून आणणं नक्की जमतं.

आता कुठलं पिल्लू? हल्ली मोबाइलवर फोटो बघून लॅब, जर्मन शेफर्ड, पग, अगदी हस्कीसुद्धा मागवतात. हस्की हा बर्फातला कुत्रा. त्याच्या अंगावरचे दाट केस आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याला नकोसे होतात. पगचं नाक चपटं, त्यामुळे दमट हवेत त्याला धाप लागते. आणि आपला पाऊस तुम्हाला माहीत आहेच. जून ते सप्टेंबर दाट केसांचा कुत्रा वाळतच नाही, मग कातडीला बुरशी धरते, बोटांच्या बेचक्या लाल होतात. देशी म्हणून कोणी कारवान किंवा मुधोळ सुचवतं. ती देशावरची शिकारी जात, उंच, सडपातळ, पळायला बनलेली. शेजारच्या कोंबड्या-शेरडांच्या मागे लागली की भांडण तुमच्या दारात.

आपल्या हवेला आपला गावठीच बरा. आखूड केस, काटक अंग, भात-भाकरीवर राहणारा. राखण तर अशी करतो की पायवाटेवर अनोळखी पाऊल पडलं की घरात आधी कळतं. आपल्या कातळावर फुरशांचा काय सुळसुळाट आहे! मागीलदारी लाकडाच्या ढिगापाशी कुत्रा एका जागी उभा राहून भुंकत असेल तर हात घालू नका, आधी बॅटरी घेऊन बघा.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते सांगते.

पिल्लं न्यायला लोक येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, “नर आहे काय?” नर भराभर जातात. उरतात त्या माद्या. मग एखाद्या संध्याकाळी त्या गोणपाटात घालून बाजाराजवळ, मच्छीच्या जेटीवर, नाहीतर घाटाच्या वळणावर सोडल्या जातात. आईच्या दुधावरची पिल्लं ती. बहुतेक गाडीखाली नाहीतर भुकेने जातात. ज्या जगतात त्या वर्षाच्या आत माजावर येतात, आणि कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते. म्हणजे “मादी नको, पिल्लांचा त्रास” म्हणून आपण जी सोडली, तिचीच पिल्लं दोन वर्षांनी आपल्या वाडीत फिरतात. त्रास सोडून आलो असं वाटतं, पण तो वाटेत वाढून परत येतो.

मी गटांच्या बैठकांना वाड्या-वाड्यांत फिरते. एका वाडीत एक काकू मला म्हणाल्या, “अगो, मादीला कोण विचारतंय, बाई? घरात आणली की दरवर्षी बाळंतपण.” बाजूला बसलेल्या त्यांच्या सुनेने मान खाली घातली. तिला दोन मुली. काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं, कुत्रीबद्दलच बोलत होत्या त्या. पण कुठलाही शब्द एकाच जागी थांबत नाही. घरात मुली ऐकत असतात, हे आपण ध्यानात ठेवायला हवं.

आणि काकूंच्या अडचणीवर उपाय आहे. कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन होतं. साधारण सहा महिन्यांची झाली की पशुवैद्यक तपासून वेळ ठरवतात. एकदाच करायचं. नंतर आठ-दहा दिवस टाके चाटू द्यायचे नाहीत, भिजू द्यायचं नाही, म्हणून भर पावसात न करता हिवाळ्यात करून घ्यावं. त्यानंतर पिल्लं नाहीत, दारात कुत्र्यांची भांडणं नाहीत. म्हातारपणी कुत्रीच्या गर्भाशयात पू होण्याचा जिवावरचा आजार असतो, तोही टळतो. मादी राखणीला नरापेक्षा काही कमी नसते. उलट नर माजाच्या वासाने चार-चार दिवस भटकतो, मारामाऱ्या करून जखमा घेऊन येतो. ऑपरेशन झालेली मादी घर सोडत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदीची जबाबदारी केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली आहे, तेव्हा ग्रामसभेत तो विषय जरूर काढा. पण आपल्या दारातल्या कुत्रीचं काम आपणच करायचं.

पिल्लू निवडताना घाई नको. दोन महिन्यांचं होईपर्यंत ते आईपाशी राहू दे. भावंडांबरोबर खेळताना किती जोरात चावायचं आणि कुठे थांबायचं, हे ते तिथेच शिकतं. लवकर उचलून आणलेलं पिल्लू पुढे चावरं निघायची भीती असते. बघायला गेलात की डोळे आणि नाक स्वच्छ आहे ना, हिरड्या गुलाबी आहेत ना, ते बघा. हिरड्या पांढऱ्या असतील तर जंत नाहीतर गोचीड असणार. मागे उभं राहून टाळी वाजवा, कान टवकारतात का पाहा. सगळ्यांना ढकलून पुढे येणारंही नको आणि कोपऱ्यात थरथरणारंही नको. जवळ येऊन हुंगतं, उचललं की थोडं वळवळून शांत होतं, ते घरात मुलं असतील तर चांगलं.

खाण्याचं म्हणाल तर महागडी पाकिटं लागत नाहीत, पण नुसता पेजेचा भातही पुरत नाही. भात किंवा नाचणीची भाकरी, त्यात उकडलेलं अंडं, नाहीतर काटे काढलेला उकडलेला बांगडा, कधी भोपळा. मीठ-मसाला नको. कांदा-लसूण त्यांना बाधतो, म्हणून आपल्या कालवणाचा रस्सा ओतू नका. मनुका, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नको. शिजवलेल्या कोंबडीची हाडं टोकदार फुटतात, ती आतड्यात रुततात. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे आंब्याची बाठ. मे महिन्यात ती चघळता चघळता गिळली की आतडं बंद होतं. बाठी अंगणात टाकू नका.

रात्रीचं काय, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात सगळ्यात मोठा. आपल्याकडे वाघ म्हणतात तो बिबट्या, आणि कुत्रा हे त्याचं सोपं भक्ष्य. विद्या अत्रेय यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात, उसाच्या शेतांत राहणाऱ्या बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास केला. त्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा निघाला. आपला मुलूख वेगळा, पण कुत्र्यासाठी बिबट्या अंगणापर्यंत येतो हे आपण ऐकतोच. साखळीने अंगणात बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. तेव्हा दिवेलागणीला कुत्रा आत. जाळी लावलेली पडवी, नाहीतर चारही बाजूंनी आणि वरूनही बंद असलेला मजबूत पिंजरा. राखणीसाठी त्याचं नाक आणि आवाज लागतो, तो आतूनही भुंकतो. मासळीची घाण, उरलंसुरलं घराभोवती फेकू नका. त्यावर भटकी कुत्री जमतात आणि त्यांच्या मागे बिबट्या येतो.

आता इंजेक्शनं. पिल्लू आणलं की आठवड्याच्या आत पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. जंताचं औषध, मग दोन महिन्यांच्या आसपास पार्व्हो आणि इतर आजारांची लस, तिचे पुढचे डोस, आणि साधारण तीन महिन्यांची झाली की रेबीजची. त्यानंतर रेबीजची लस दरवर्षी. पार्व्होत रक्ताची हगवण होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं, म्हणून लसी पुऱ्या होईपर्यंत तिला रस्त्यावर सोडू नका. लसीचं कार्ड गटाच्या पासबुकाबरोबर ठेवा, म्हणजे तारीख चुकणार नाही.

येत्या २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिवस आहे. रेबीजची लस माणसाला पहिल्यांदा १८८५ साली देणाऱ्या लुई पाश्चरची ती पुण्यतिथी. सव्वाशेहून जास्त वर्षं लस हाताशी असूनही आपल्याकडे माणसं रेबीजने मरतात. कारण चावल्यावर तिखट भरतात, चुना लावतात, उतारा करतात आणि वेळ घालवतात. कोणाचाही कुत्रा चावला, ओरखडला, अगदी घरचं पिल्लू असलं तरी आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. पट्टी घट्ट बांधू नका. मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर सरकारी रुग्णालयात जा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचे दिवस कधीच गेले. आता दंडात, ठरलेल्या तारखांना चार किंवा पाच घ्यावी लागतात. रक्त आलं असेल तर जखमेत सिरमही द्यावं लागतं, त्याबद्दल विचारा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ही लस घेता येते. “कुत्रा दहा दिवस जगतो का बघू” म्हणून थांबू नका. लस सुरू करा आणि कुत्र्यावर लक्षही ठेवा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही.

मुलांनाही दोन गोष्टी शिकवा. कुत्री खात असताना, झोपलेली असताना आणि पिल्लांपाशी असताना हात लावायचा नाही. आणि अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, झाडासारखं गप्प उभं राहायचं.

शेवटची गोष्ट गटासाठी. एकट्या बाईला दवाखान्यात कुत्री नेणं अवघड. रिक्षावाला घेत नाही, एसटीत पंचाईत. पण वाडीतल्या दहा-बारा घरांनी मिळून नावं लिहिली, तर पशुवैद्यकांना एक दिवस वाडीत बोलावता येतं. रेबीजची लस दहा मात्रांच्या बाटलीतही मिळते, म्हणजे खर्चही वाटला जातो. तुमच्या गावात उमेदची पशुसखी असेल तर शेळ्यांच्या लसीकरणाबरोबर हाही दिवस ठरवायला तिची मदत घ्या. पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. वाडीत किती कुत्री, किती माद्या, कोणाला लस झाली, कोणत्या कुत्रीच्या पोटात पिल्लं आहेत, एवढं एका वहीत लिहा. पिल्लं व्हायच्या आधीच त्यांना घरं शोधा, आणि वहीत माद्यांसाठी वेगळं पान ठेवा.

देवदिवाळीला तुमच्या दारात कोणी पिल्लू घेऊन आलं आणि “मादी आहे हो, चालेल काय?” असं कचरत विचारलं, तर घरच्यांकडे एकदा बघा. कामं वाटून झाली असतील, तर मुलींना ऐकू जाईल असं मोठ्याने सांगा, “मादी आहे? मग तर द्याच.”