जहाजे वाढली, सुट्टीचे काय झाले?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. महागाई, बेकारी, पाणीटंचाई हे प्रश्न दाराशी उभे असताना समुद्रावर सहलीला जाणाऱ्या सुखवस्तू माणसांच्या सोयीगैरसोयींची चिकित्सा आपण कशासाठी करायची? त्याला माझे उत्तर असे की, विश्रांती हा कामगार चळवळीचा फार जुना विषय आहे. १९३६ साली फ्रान्समध्ये लेआँ ब्लुम यांच्या सरकारने वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली, रेल्वेच्या भाड्यात सवलत दिली, आणि त्या उन्हाळ्यात हजारो कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. सुट्टी मिळावी एवढ्यासाठी आपण लढलो; पण मिळालेल्या सुट्टीला कोणते रूप यावे, हा प्रश्न आपण बाजाराच्या स्वाधीन करून मोकळे झालो. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. गोव्यात आणि कोकणात ‘मुलगा बोटीवर आहे’ या एका वाक्यावर उभी असलेली घरे थोडीथोडकी नाहीत. त्यांपैकी पुष्कळांची ‘बोट’ म्हणजे आज क्रूझचे जहाज असते. तेव्हा हा विषय परका नाही.

प्रथम वाढीचा हिशेब पाहू. रॉयल कॅरिबियन या कंपनीचे पहिले जहाज ‘साँग ऑफ नॉर्वे’ १९७० साली मायामीहून निघू लागले. ते सुमारे १८,००० टनांचे होते आणि सातशेच्या आसपास प्रवासी नेत असे. (येथे टन म्हणजे वजन नव्हे. जहाजाच्या आतील एकंदर बंदिस्त जागेचे ते माप आहे, हे ध्यानात ठेवावे.) १९८० साली ‘फ्रान्स’ हे जुने अटलांटिकपार करणारे जहाज ‘नॉर्वे’ या नावाने सहलींसाठी आले. ते ७०,००० टनांचे होते, आणि लोकांना वाटले की आता याहून मोठे काय होणार! १९९६ साली ‘कार्निव्हल डेस्टिनी’ने एक लाख टनांची मर्यादा ओलांडली, त्या वेळच्या पनामा कालव्यातून ते जाऊ शकत नव्हते. २००९ साली ‘ओअॅसिस ऑफ द सीज’ सव्वादोन लाख टनांचे आले. जानेवारी २०२४मध्ये ‘आयकॉन ऑफ द सीज’ प्रवासाला लागले : २,४८,६६३ टन, लांबी ३६५ मीटर, वीस मजले, एका खोलीत दोघे धरले तर ५,६१० प्रवासी, सगळ्या खाटा भरल्या तर ७,६००, आणि त्यांच्या सेवेला २,३५० कर्मचारी. आपल्याकडे दहा हजार वस्तीच्या गावाला ग्रामपंचायत असते. येथे कप्तान असतो आणि बाकीचे सगळे गिऱ्हाईक किंवा नोकर असतात.

मोठ्या जहाजाविरुद्ध पहिली तक्रार नेहमी गर्दीची असते. ती तपासून पाहू या, कारण येथे सरसकट बोलणे सोपे आहे. ‘साँग ऑफ नॉर्वे’वर दरमाणशी साधारण पंचवीस टन जागा येत असे. ‘आयकॉन’वर खोलीला दोघे धरले तर ती चव्वेचाळीस टन येते, आणि सगळ्या खाटा भरल्या तरी बत्तीस टनांच्या वर राहते. म्हणजे कागदावर माणसाला जागा कमी झालेली नाही, वाढलेली आहे. खोल्याही पूर्वीपेक्षा मोठ्या झाल्या आहेत; ‘साँग ऑफ नॉर्वे’च्या काळी नुसता सज्जा असलेली खोली मिळणे ही चैन होती. शिवाय आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. मोठ्या जहाजामुळे दरमाणशी खर्च उतरला, आणि एके काळी धनिकांची असणारी ही सहल अमेरिकेतील शिक्षिकेच्या, परिचारिकेच्या, निवृत्त मोटारचालकाच्या आवाक्यात आली. २०२४ साली जगभरात जवळजवळ साडेतीन कोटी लोकांनी अशी सहल केली. मोठ्या जहाजांना नाके मुरडणाऱ्या अनेकांचा खरा राग या गर्दीवर असतो. ‘आता कोणीही येते’ हे त्या तक्रारीतले न उच्चारलेले वाक्य असते, आणि त्या तक्रारीत आपण सामील होता कामा नये.

मग सुट्टीची प्रत खालावली, असे मी कशाच्या आधारावर म्हणतो?

वाढलेली जागा कुठे गेली ते पाहावे. ‘आयकॉन’वर सात तलाव आणि सहा घसरगुंड्यांचा जलक्रीडाविभाग आहे, बर्फावरचे नाट्यगृह आहे, दुकानांची वीथी आहे. जहाजाची बाहेरची कड मात्र, जिथे उभे राहून माणूस समुद्र पाहतो ती, त्या प्रमाणात वाढत नाही. आकारमान वाढले की आतला भाग वेगाने वाढतो आणि कड मागे पडते, हे शाळेतले गणित आहे. म्हणूनच अशा जहाजांवर आतल्या चौकाकडे तोंड केलेल्या सज्जांच्या खोल्या विकल्या जातात. माणूस समुद्रावर जातो आणि सज्जात बसून समोरच्या माणसाचा सज्जा पाहतो. गिरगावातल्या चाळीत हे पैसे न देता मिळत असे.

दुसरी गोष्ट बंदरांची. कोकणच्या किनाऱ्यावर प्रवासी बोटी चालत असत तेव्हा बहुतेक बंदरांत धक्का नव्हता. बोट खोल पाण्यात थांबे आणि माणसे पडावातून किनाऱ्याला लागत. ‘नॉर्वे’चेही तसेच होते, तिच्या पुढच्या डेकवर त्यासाठी दोन मोठ्या लाँची ठेवलेल्या असत. दोन हजार माणसे अशी उतरवता येतात. सहा हजार माणसे सकाळी उतरवून संध्याकाळी परत चढवणे व्यवहार्य नाही. म्हणून ‘ओअॅसिस’च्या वर्गातील जहाजे धक्का नसलेल्या बंदरांना जात नाहीत, आणि ग्रँड केमनसारखे बेट त्यांच्या वाटेतून गळते. जहाज जेवढे मोठे, तेवढी त्याला जाण्याजोगी ठिकाणे थोडी. मग कंपन्या स्वतःचीच ठिकाणे तयार करतात. बहामातील एका छोट्या बेटावर रॉयल कॅरिबियनने ‘कोकोके’ नावाचे क्रीडास्थान उभारले आणि २०१९ साली ते नव्या थाटात उघडले. तेथे गाव नाही, बाजार नाही. प्रवासी जहाजावरून उतरतो आणि त्याच कंपनीच्या अंगणात पाऊल ठेवतो. हिशेबाच्या दृष्टीने हे चोख आहे. या धंद्यात उत्पन्नाचा सुमारे तीस टक्के भाग तिकिटाबाहेरच्या विक्रीतून येतो : पेये, जुगार, दुकाने, किनाऱ्यावरच्या सहली. प्रवासी परक्या गावात उतरला की त्याचा पैसाही गावात उतरतो, आणि ती गळती कंपनीला बंद करायची असते.

हैतीमध्ये लाबादी नावाचे असेच एक कुंपण घातलेले द्वीपकल्प आहे. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भीषण भूकंप झाला, आणि तीनच दिवसांनी या किनाऱ्यावर सहलीचे जहाज लागले. त्यात मदतीचे सामानही होते, हे सांगायलाच हवे. पण कुंपणाच्या आत पोहणे आणि खाणेपिणे चालू राहिले. काही प्रवाशांना तेथे उतरणे नकोसे झाले, असे वृत्त त्या वेळी आले होते. सुट्टीची प्रत म्हणजे काय, हे त्या प्रवाशांना कंपनीपेक्षा अधिक कळले होते, असे मला वाटते.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. अटलांटिक पार करणाऱ्या जुन्या जहाजांवर वर्ग असत. पहिल्या वर्गाच्या डेकवर तिसऱ्या वर्गाच्या माणसाला पाऊल टाकता येत नसे. १९७० नंतर कॅरिबियनमध्ये आलेल्या सहलीच्या जहाजांनी हे वर्ग काढून टाकले. खोली महाग-स्वस्त असे, पण भोजनगृह एक, डेक एक, तलाव एक. न्यूयॉर्कचा डॉक्टर आणि ओहायोचा गिरणीकामगार एकाच मेजावर बसण्याची शक्यता तरी होती. महाकाय जहाजाने तिकीट स्वस्त केले. पण त्याच वेळी वर्ग परत आणले. एमएससी कंपनीने २००८ साली ‘यॉट क्लब’ या नावाने जहाजातच वेगळे जहाज निर्माण केले : वेगळा दरवाजा, वेगळे भोजनगृह, वेगळा तलाव. इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. सातशे माणसांच्या जहाजावर असे वेगळे जग उभे करण्यास जागाच नव्हती. पाच हजारांच्या जहाजावर आहे. म्हणजे भव्यता ही येथे केवळ मापाची बाब नाही; ती वर्गभेदाला जागा पुरवणारी गोष्ट आहे. आणि तळच्या दराने आलेल्या प्रवाशाला रांगेतून चटकन पुढे जाण्याचा हक्क, चांगले जेवण, निवांत कोपरा हे सगळे एकेक करून वेगळ्या पैशाने विकले जाते. जे पूर्वी सुट्टीचा भाग होते, ते आता सुट्टीवरचे अधिभार झाले आहेत. लोकांना सुट्टी मिळावी म्हणून जहाज मोठे करणे एक, आणि लोकांच्या सुट्टीचे तुकडे करून विकता यावेत म्हणून मोठे करणे दुसरे.

येथे कोणी म्हणेल की एकवर्गीय जहाज हाच काय तो इलाज. तेवढेही सोपे नाही. हिटलरच्या राजवटीने २ मे १९३३ रोजी जर्मन कामगार संघटना मोडल्या आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ‘आनंदातून शक्ती’ नावाची सहलींची यंत्रणा काढली. तिच्यासाठी बांधलेले ‘विल्हेल्म गुस्टलॉफ’ १९३८ साली चालू झाले. सुमारे दीड हजार प्रवाशांच्या त्या जहाजावर खोल्या जवळजवळ सारख्या होत्या. संघटना काढून घ्यायची आणि सहल द्यायची, हा सौदा होता. तेव्हा खोल्या सारख्या आहेत काय, एवढ्यावर आपली परीक्षा थांबू नये.

सुट्टी ज्यांच्या कष्टांवर उभी राहते त्यांच्याकडे आता वळू. ही जहाजे बहामा, पनामा, माल्टा अशा देशांचे निशाण लावतात. कारण कर आणि कामगार कायदे तेथे सोयीचे असतात. २००६चा सागरी कामगार करार २०१३ साली अमलात आला, भारताने तो २०१५मध्ये स्वीकारला, आणि त्याने बरेच चांगले केले. पण त्या करारातही दिवसाला चौदा तास आणि आठवड्याला बहात्तर तासांपर्यंत काम घेण्याची मुभा आहे. आठ तासांचा दिवस जगात स्थिरावून किती काळ लोटला, याचा विचार करा. कित्येक महिन्यांच्या करारात साप्ताहिक सुट्टी नसणे, हे तेथे नेहमीचे आहे. दुसऱ्याच्या विश्रांतीचा कारखाना चालवणाऱ्यालाच विश्रांती नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज योकोहामाला रोखून धरले गेले तेव्हा त्यावर ३,७११ माणसे होती, आणि त्यांपैकी सातशेहून अधिक जणांना करोनाची लागण झाली. प्रवाशांना खोल्यांत बंद राहण्यास सांगितले गेले. कर्मचारी मात्र खालच्या मजल्यावरच्या सामाईक खोल्यांत राहून दारोदार जेवण पोचवीत राहिले. त्यांत १३२ भारतीय कर्मचारी होते. हजारो माणसांना एका हवेत, एका स्वयंपाकघरावर, एकत्र ठेवण्याची किंमत प्रथम कोण देतो, हे त्या वेळी दिसले.

बंदरांतल्या लोकांनी आपापल्या परीने उत्तर शोधायला सुरुवात केली आहे. फ्लोरिडातील की वेस्ट या छोट्या शहराच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२०मध्ये ठरवले की तेराशेहून अधिक माणसांची क्षमता असलेले जहाज नको आणि दिवसाला दीड हजारांहून अधिक प्रवासी उतरायला नकोत. पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने तो निर्णय पुसून टाकला. केमन बेटांवर मोठ्या जहाजांसाठी धक्का बांधायचा काय, यावर २०२५च्या एप्रिलमध्ये सार्वमत झाले आणि लोकांनी नकार दिला. व्हेनिसमध्ये इटलीच्या सरकारने ऑगस्ट २०२१पासून २५,००० टनांवरील जहाजांना ज्युदेक्का कालव्यात बंदी केली. सान मार्कोच्या चौकासमोरून डेकवर उभे राहून सरकत जाणे, हेच त्या सफरीचे मोठे आकर्षण होते. जहाजे इतकी मोठी झाली की जे दृश्य विकायचे तेच त्यांनी गमावले.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. २०१९ साली ‘कर्णिका’ नावाचे ७०,००० टनांचे जहाज मुंबईहून सहलींसाठी निघू लागले. वर्ष-दीड वर्षात कंपनी बुडाली आणि नोव्हेंबर २०२०मध्ये जहाज अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाले. त्याच अलंगला २००६ साली ते जुने ‘नॉर्वे’ही आले होते. सुट्ट्यांचे अवशेष तोडण्याचे काम अखेर आपल्याच मजुरांच्या वाट्याला येते. २०२१पासून ‘एम्प्रेस’ हे सुमारे ४८,००० टनांचे, १९९० साली बांधलेले जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत’ मोहीम जाहीर केली. पाच वर्षांत प्रवासी दुप्पट करावयाचे आहेत. २०२५मध्ये मुंबईच्या नव्या क्रूझ धक्क्याचे उद्घाटन झाले, आणि त्याची क्षमता वर्षाला दहा लाख प्रवाशांची सांगितली जाते. धक्का झाला ते चांगलेच झाले. पण धक्का मोठा असला की त्यापाठोपाठ मोठे जहाज येते, हा कॅरिबियनचा अनुभव आहे.

लक्षद्वीपच्या कडमत बेटाची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेपाच हजारांच्या आत होती. ‘आयकॉन’वर खोलीला दोघे धरून जेवढे प्रवासी मावतात, त्याहून ती थोडी कमीच भरते. कोणत्या बेटावर एका दिवशी किती माणसे उतरावीत, हे पर्यटन खात्याने ठरवायचे, कंपनीने ठरवायचे, की तेथे राहणाऱ्यांनी? आणि भारतीय बंदरातून निघून भारतीय बंदरात परतणाऱ्या जहाजावर काम करणाऱ्या मुलांना कामाच्या तासांचा कोणता कायदा लागू व्हावा? या दोन प्रश्नांवर आपल्या शाखांनी निवेदन तयार करावे, अशी माझी सूचना आहे. प्रश्नोत्तरांना आपण आता सुरुवात करू. ज्यांच्या घरचे कोणी बोटीवर आहे त्यांनी कृपया प्रथम बोलावे. करारात काय लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात काय घडते, हे त्यांच्याकडून ऐकायला मिळावे.